अदृश्य वाचकांची मोजदाद

मायक्रोफोनपुढें बसून बोलणाऱ्या माणसाची एक अडचण अशी असते कीं, आपलें बोलणें किती जण ऐकत आहेत, कोण ऐकत आहेत, आणि मध्येंच कंटाळून किती जणांनीं रेडिओची कळ फिरविली, हें त्याला बोलतांना मुळींच कळत नाहीं. सभेंतील वक्त्याला श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून आणि कीर्तनकाराला समोर डोलणाऱ्या मानांवरून जें समजतें, तें नभोवाणीवरील वक्त्याच्या वांट्याला येत नाहीं. छापील लेखकाची स्थिति फारशी निराळी नसते. मासिकाच्या किती प्रती खपल्या एवढें प्रकाशकाला ठाऊक असतें. हा खप तपासून प्रमाणित करणारी 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था आपल्या देशांत १९४८ सालीं स्थापन झाली. पण खपलेली प्रत आणि वाचलेला लेख यांत मोठें अंतर आहे. एखादा अंक सबंध वाड्यांत फिरून दहा जणांच्या हातीं जातो, तर दुसरा एखादा वेष्टणही न फोडतां रद्दींत जाऊन पडतो.

अमेरिकेंत या अडचणीवर तोड म्हणून एक यंत्र निघालें होतें. घरांतील रेडिओला जोडलेलें तें यंत्र, कोणतें केंद्र किती वेळ लावलें होतें याची नोंद सरकत्या कागदी पट्टीवर करीत असे. ए. सी. निल्सेन यांच्या कंपनीनें १९३६ सालीं त्याचे हक्क मिळविले, आणि १९४२ पासून त्याच्या आधारें श्रवणाचे आकडे देण्याचा व्यवसाय सुरू केला. या 'ऑडिमीटर'विषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या निवडक घरांत तो बसविलेला असे, त्या घरांतील माणसांना तो तेथें आहे हें माहीत असे, आणि त्यांची त्याला संमति असे. ही गोष्ट पुढें आपल्या उपयोगी पडणार आहे.

आज ज्या मोजणीविषयीं मी बोलणार आहें, ती या पट्टीच्या कितीतरी पुढें गेलेली आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर पाककृति लिहिणारी गृहिणी असो, वनस्पतींवर टिपणें ठेवणारे निवृत्त प्राध्यापक असोत, किंवा गांवच्या इतिहासाचीं कागदपत्रें प्रसिद्ध करणारी एखादी मंडळी असो. आतां या घटकेला आपलें पान चार जण वाचीत आहेत, त्यांतील एक नागपुरास व एक लंडनला आहे, आणि दोघे कांहीं शोधतां शोधतां येथवर आले आहेत, हें त्यांना घरबसल्या दिसतें. त्यासाठीं एक पैसाही मोजावा लागत नाहीं. हें कसें घडतें, त्या आकड्यांवर विश्वास किती ठेवावा, आणि फुकट म्हणून मिळणाऱ्या या सोयीचें मोल कोण देतो, या तीन प्रश्नांचा आपण क्रमानें विचार करूं.

इंटरनेटवरील पान वाचणें ही क्रिया पुस्तक उघडण्यापेक्षां पत्र लिहिण्याशीं अधिक जुळणारी आहे. वाचकाचा ब्राउझर 'अमुक पान पाठवावें' अशी विनंति धाडतो, आणि तें पान ज्या यंत्रावर ठेवलेलें असतें तो सर्व्हर उत्तरादाखल पान पाठवितो. आतां उत्तर हवें असेल तर पत्रावर आपला पत्ता घालावाच लागतो. तेव्हां मोजणीचें बीज या व्यवहारांतच पेरलेलें आहे. प्रत्येक विनंतीगणिक सर्व्हर आपल्या नोंदवहींत एक ओळ लिहून ठेवतो: कोणत्या पत्त्यावरून विनंति आली, किती वाजतां आली, कोणतें पान मागितलें, तें सांपडलें कीं नाहीं, ब्राउझर कोणत्या जातीचा होता, आणि वाचक कोणत्या दुसऱ्या पानावरून येथें आला. या शेवटच्या सदराला 'रेफरर' म्हणतात. त्या इंग्रजी शब्दांतील एक अक्षर नियम लिहितांना गळालें, आणि तें चुकीचें स्पेलिंगच पुढें अधिकृत होऊन आजतागायत चालू राहिलें आहे.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत निर्माण केलेलें हें जाळें १९९१ सालीं सर्वांस खुलें झालें. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९९५ मध्यें, केंब्रिज येथें स्टीफन टर्नर यांनीं 'अॅनॅलॉग' नांवाची एक आज्ञावली तयार केली. सर्व्हरची नोंदवही वाचून तिच्या बेरजा करून देण्याचें काम ती विनामूल्य करी. या जुन्या पद्धतींत दोन दोष होते. पहिला असा कीं, ज्या पानावर दहा चित्रें आहेत तें पान एकदां उघडलें तर वहींत अकरा ओळी पडतात, कारण प्रत्येक चित्राची विनंति निराळी असते. या ओळींना 'हिट्स' म्हणत, आणि पुष्कळ संकेतस्थळांचे मालक अकराला अकरा वाचक समजून मोठ्या अभिमानानें आकडा मिरवीत. दुसरा दोष याच्या उलट होता. एकदां आणलेल्या पानाची नक्कल वाचकाच्या यंत्रांत किंवा वाटेवरील एखाद्या साठवणींत राही, आणि तेंच पान पुन्हां मागितलें तर ती नक्कलच पुढें केली जाई. अशा वाचनाची वहींत नोंदच होत नसे.

म्हणून दुसरी पद्धति निघाली. पानाच्या मजकुरांत डोळ्यांना न दिसणारी एक खूण ठेवावयाची, आणि तिच्याकडून बातमी मिळवावयाची. प्रथम ही खूण म्हणजे एका ठिपक्याएवढें पारदर्शक चित्र असे. पुढें तिच्या जागीं जावास्क्रिप्ट भाषेंतील चार ओळींची आज्ञा आली. पान वाचकाच्या पडद्यावर उमटलें कीं ही आज्ञा तेथें, वाचकाच्या यंत्रांत, चालूं लागते आणि मोजणी करणाऱ्या सर्व्हरला कळविते कीं, अमुक पान उघडलें गेलें, पडदा एवढा रुंद आहे, ब्राउझरची भाषा अमुक आहे. पान साठवणींतून आलें असलें तरी बातमी जातेच. ती एकदां पोंचली कीं बेरीज करण्यास रात्रीची वाट पाहण्याचें कारण राहत नाहीं. कांहीं क्षणांत आकडा मालकापुढें उभा राहतो. 'तत्क्षण मोजणी' म्हणतात ती हीच.

परंतु काल आलेला वाचक आणि आज आलेला वाचक एकच, हें कसें ओळखावें? यासाठीं 'कुकी' नांवाच्या चिठ्ठीची योजना झाली. सर्व्हर वाचकाच्या ब्राउझरजवळ एक लहानसा क्रमांक ठेवावयास देतो, आणि पुढच्या खेपेस ब्राउझर तो क्रमांक निमूटपणें परत दाखवितो. देवळाबाहेर चपला ठेवतांना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही युक्ति आहे. नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं ती १९९४ सालीं काढली. आणि तिचा पहिला उपयोग कोणता झाला, तर नेटस्केपच्या संकेतस्थळावर येणारा माणूस पूर्वीं येऊन गेला आहे कीं नाहीं हें पाहण्याचा. मोजणी आणि कुकी यांचें नातें असें जन्मापासूनचें आहे.

आतां फुकट साधनांकडे वळूं. आयर्लंडांत १९९९ सालीं निघालेली 'स्टॅटकाउंटर' ही सेवा लहान संकेतस्थळांच्या मालकांत लवकरच परिचित झाली. खरा पालट झाला तो २००५ मध्यें. सॅन डिएगो येथील 'अर्चिन' ही कंपनी गूगलनें विकत घेतली, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत तिची मोजणी 'गूगल अॅनॅलिटिक्स' या नांवानें विनामूल्य देऊं केली. लोकांची अशी झुंबड उडाली कीं, थोड्याच दिवसांत नवीन नांवें घेणें बंद करावें लागलें आणि पुढें कांहीं महिने निमंत्रणानेंच प्रवेश मिळूं लागला. त्या क्षणींचे वाचक दाखविणारें सदर या सेवेंत २०११ च्या सप्टेंबरांत जोडलें गेलें. जुनी पद्धति १ जुलै २०२३ रोजीं थांबली. तिच्या जागीं आलेल्या चौथ्या आवृत्तींत मागील तीस मिनिटांतील वाचक मिनिटवार दिसतात.

याहून निराळ्या वृत्तीचीं साधनेंही आहेत. २००७ सालीं 'पिविक' या नांवानें निघालेलें आणि २०१८ पासून 'मॅटोमो' म्हणून ओळखलें जाणारें साधन मालकास स्वतःच्या सर्व्हरवर बसवितां येतें. त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे, आणि वाचकांची माहिती मालकाच्या घराबाहेर जात नाहीं. 'गोअॅक्सेस' हें साधन सर्व्हरची तीच जुनी नोंदवही ओळ पडतांच वाचतें आणि चालू बेरीज दाखवितें. पानांत कसलीही खूण ठेवण्याची त्याला गरज नसते. 'गोटकाउंटर' हें लहान स्थळांसाठीं असून कुकीवांचून काम भागवितें. यांपैकीं स्वतः बसवावयाच्या साधनांना पैसे पडत नाहींत हें खरें. पण सर्व्हरचें भाडें आणि त्याची निगा मालकाकडे राहते, हें विसरूं नये.

दुसरा प्रश्न आकड्यांच्या खरेपणाचा. येथें पुष्कळ सावधगिरी हवी. पहिली गोष्ट, येणारे सगळे माणसेंच असतात असें नाहीं. शोधयंत्रांचे, आणि आतां कृत्रिम बुद्धीला मजकूर पुरविणाऱ्या कंपन्यांचे, स्वयंचलित हेर रात्रंदिवस पानें गोळा करीत हिंडत असतात. सर्व्हरच्या वहींत यांची भाऊगर्दी दिसते. खुणेच्या पद्धतींत यांतील बरेच आपोआप गळतात, कारण ते आज्ञा चालविण्याच्या भानगडींत पडत नाहींत. पण ज्यांनीं आपल्या ब्राउझरांत अशा खुणांना अटकाव केलेला आहे, ते खरेखुरे वाचकही त्यांच्याबरोबर गळतात. म्हणजे एक पद्धति फुगवून सांगते आणि दुसरी आखडून.

वाचकाच्या ओळखीचेंही तसेंच. कुकी ब्राउझराला ओळखते, माणसाला ओळखत नाहीं. सकाळीं दूरध्वनीवर आणि दुपारीं कचेरींतील संगणकावर तोच लेख वाचणारा एक माणूस दोन म्हणून मोजला जातो. उलट घरांतील एकाच संगणकावर वाचणारे सासरे, सून आणि नातवंड मिळून एक होतात. अॅपल कंपनीच्या सफारी ब्राउझरनें २०१९ पासून अशा मोजणीच्या चिठ्ठीचें आयुष्य सात दिवसांवर आणलें. त्यामुळें दर दहा दिवसांनीं नेमानें येणारा जुना वाचक प्रत्येक वेळीं नवा पाहुणा म्हणून नोंदला जातो. गांवाच्या नांवावरही फार भिस्त ठेवूं नये. आपल्याकडील मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना वांटून देतात, आणि साताऱ्याचा वाचक नकाशावर मुंबईचा म्हणून झळकतो.

वाचनाच्या वेळेचा आकडा तर सर्वांत फसवा. जुन्या पद्धतींत एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत किती वेळ गेला तें पाहत. जो वाचक एकच लेख शांतपणें अर्धा तास वाचून निघून गेला, त्याला दुसरें पान नसल्यामुळें त्याची वेळ शून्य धरली जाई! आतांच्या गूगल पद्धतींत पान दहा सेकंदांहून अधिक काळ समोर राहिलें, तर त्या भेटींत वाचक गुंतला असें मानतात. दहा सेकंदांत लेखाचें पहिलें वाक्यही पुरें वाचून होत नाहीं. शिवाय आकडे लहान असतांना चढउतारास अर्थ नसतो. काल दहा वाचक आले आणि आज तेरा आले, तर वाचक शेंकडा तीस वाढले असें यंत्र सांगेल. प्रत्यक्षांत तीन माणसें इकडची तिकडे झाली, एवढेंच.

मग या तत्क्षण मोजणीचा उपयोग कांहींच नाहीं काय? आहे. मोजणीची खूण पानांत नीट बसली कीं नाहीं, हें आपणच पान उघडून पाहिल्यास लगेच कळतें. एखाद्या मोठ्या वृत्तपत्रानें आपल्या लेखाचा उल्लेख केला आणि एकदम गर्दी लोटली, तर सर्व्हर कोलमडण्यापूर्वीं उपाय करतां येतो. पुराच्या किंवा सांथीच्या दिवसांत उपयुक्त माहिती देणाऱ्या संस्थेला, लोक या घटकेला काय शोधीत आहेत हें पाहून तें पान वर आणतां येतें. पाककृति, टिपणें, इतिहास लिहिणाऱ्याला मात्र महिन्याचा आकडा पुरतो. दर मिनिटाला आकड्याकडे पाहण्याची संवय लागली म्हणजे लेखणी हळूहळू आकड्याच्या चाकरीला लागते. ज्या मथळ्याला गर्दी झाली तसलाच मथळा पुन्हां, ज्या विषयाला कोणी फिरकलें नाहीं तो विषय वर्ज्य, असें होऊं लागतें. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनीं १९७५ सालीं पैशाच्या नियंत्रणाविषयीं बोलतांना जो विचार मांडला, तो येथेंही लागू पडतो: एखादें माप हेंच साध्य होऊन बसलें, कीं तें चांगलें माप राहत नाहीं.

आतां तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: या फुकट सोयीचें मोल कोण देतो? समजा, एखाद्या डॉक्टरीण बाईंनीं वंध्यत्व, क्षय, मनोविकार यांवर सोप्या मराठींत लेख लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. जें घरांत कोणाजवळ बोलतां येत नाहीं, तें एखादी मुलगी रात्रीं सगळे निजल्यावर तेथें वाचते. तिची समजूत अशी कीं, हें वाचन तिचें आणि त्या लेखाचें आहे. पण पानांत तिऱ्हाईत कंपनीची खूण असेल तर 'या क्रमांकाचा वाचक रात्रीं एक वाजतां अमुक पानावर आला' ही वार्ता त्या कंपनीच्या सर्व्हरवर केव्हांच जाऊन पोंचलेली असते. २०२० सालीं मायक्रोसॉफ्टनें सर्वांस विनामूल्य खुलें केलेलें 'क्लॅरिटी' हें साधन तर वाचकानें पान किती खालीं सरकविलें, कोठें थांबला, कोठें बोट टेकलें, हें सारें मागाहून चित्रपटासारखें पुन्हां दाखवूं शकतें. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या साधनांत नाजूक मजकूर झांकण्याची सोय आहे, आणि गूगलनेंही आपल्या नव्या आवृत्तींत वाचकाचा आयपी पत्ता साठविला जात नाहीं असें जाहीर केलें आहे. तरीही मूळ मुद्दा राहतोच. ऑडिमीटर ज्या घरांत होता त्या घराला तो ठाऊक होता; त्या मुलीला मात्र या खुणेची कल्पना नाहीं. पैसे बाईंनीं दिले नाहींत. किंमत त्या मुलीनें दिली, आणि तीही तिला न विचारतां.

कायद्याची दृष्टि या बाबतींत अलीकडे बरीच जागी झाली आहे. युरोपांतील माहितीरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून अंमलांत आला. २०२२ च्या आरंभीं ऑस्ट्रिया आणि फ्रान्स येथील नियंत्रकांनीं, गूगल अॅनॅलिटिक्समार्फत वाचकांची माहिती अमेरिकेस जाते म्हणून त्या वापरास हरकत घेतली; पुढें जुलै २०२३ मध्यें युरोप व अमेरिका यांच्यांत नवी व्यवस्था झाल्यावर ती अडचण पुष्कळशी निवळली. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. कायद्याचा तपशील वकिलांवर सोंपवूं. पण आपल्याकडे येणाऱ्याची माहिती घ्यावयाची तर त्याला सांगून घ्यावी, ही रीत कायद्यापूर्वींही आपल्या घरांत होतीच.

तेव्हां ज्यांचें स्वतःचें संकेतस्थळ आहे, किंवा ज्यांच्या घरांतील मुलें तें काढण्याच्या विचारांत आहेत, त्यांनीं प्रथम एक गोष्ट ठरवावी: मला नेमकें काय जाणून घ्यावयाचें आहे? कोणते लेख वाचले जातात आणि वाचक कोठून येतात एवढेंच हवें असेल, तर सर्व्हरची नोंदवही किंवा कुकीवांचून चालणारें साधें साधन पुरेसें आहे. मोठ्या कंपनीचें साधन घ्यावयाचेंच असेल, तर पानावर तसें स्पष्ट मराठींत लिहावें. वाचकाची संमति घ्यावी. जाहिरातींशीं जोडणाऱ्या सोयी बंद ठेवाव्या. आणि माहिती थोडेच दिवस राहील अशी तजवीज करावी. गूगलच्या विनामूल्य सेवेंत वाचकागणिक माहिती दोन महिने ठेवावी कीं चौदा, हें मालकास ठरवितां येतें, दोनच ठेवावे. स्वतःच्या भेटी मोजणींतून वगळाव्या, नाहींतर पुष्कळदां सर्वांत उत्साही वाचक आपणच असल्याचें आढळून येतें. आणि रोग, कर्ज, घरगुती कलह असल्या विषयांच्या पानांवर तिऱ्हाइताची खूण मुळींच ठेवूं नये. तेथें आकडा न कळला तरी चालेल.

वाचकाच्या बाजूनेंही कांहीं करतां येतें. बहुतेक ब्राउझरांत कुकी पुसून टाकण्याची आणि तिऱ्हाईत खुणा अडविण्याची सोय असते. ती एकदां शोधून लावून ठेवली म्हणजे झालें. संमति विचारणारी चौकट पुढें आली तर घाईनें 'मान्य' हें बटण न दाबतां नकाराचें बटण कोठें आहे तें पाहावें.

मोजणी हें हिशेबाचें साधन आहे आणि हिशेब ठेवणें वाईट नाहीं. दुकानदार रोजची विक्री लिहितो, ग्रंथपाल नेलेल्या पुस्तकांची नोंद ठेवतो, तसा लेखकानेंही आपल्या वाचकांचा अंदाज घ्यावा. मात्र कोणाचें पुस्तक कोणी नेलें हें चांगला ग्रंथपाल चव्हाट्यावर सांगत नाहीं, आणि वाचणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतही नाहीं. आपल्या लहानशा संकेतस्थळाच्या दाराशीं उभें राहून पाहुणे मोजतांना प्रत्येकानें तोच शिष्टाचार पाळावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.